चौदावी ओळ

संध्याकाळी कॉलेज सुटलं की राठोड सर लॅबमधल्या प्रत्येक माऊसच्या पोटात फिरणारी रबरी गोळी काढत, कापडी पिशवीत भरत आणि ती पिशवी घरी घेऊन जात. कळमनुरीच्या बसस्टँडवर पिशवीचा गडगडाट ऐकू आला की लोक मान वर न करता म्हणत, "सर चालले."

एकदा मी विचारलं, "सर, या गोळ्या चोरणार कोण?"

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तू काहून विचारून राहिला?"

परसराम राठोड आमच्या कॉम्प्युटर लॅबचे प्रमुख. आखाडा बाळापूरकडच्या एका तांड्यावरून शिकून आलेले. शिपायानं चहा आणला की पहिला घोट शिपायालाच प्यायला लावत. प्राचार्यांचा फोन आला तर "आवाज बराबर वाटत न्हाई" म्हणून ठेवून देत आणि केबिनपर्यंत चालत जाऊन प्राचार्यांचं तोंड बघून येत. "इस्वास ठेवावा माणसानं," ते म्हणत, "पण तपासून."

लॅबचा सर्व्हर ही त्यांची गढी. तिच्यावर त्यांनी फायरवॉल बसवली होती. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्याच्या हातात एक यादी, आणि यादीत असेल तेवढ्यालाच ये-जा. सरांची यादी इतकी तुटपुंजी की आम्हा पोरांना सगळ्या जगातल्या पाच-सात वेबसाइट दिसत. यावर मी पत्रकही काढलं होतं: 'ज्ञानाच्या वाटेवर काटे कुणाचे?' सरांनी ते वाचलं, शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल गोल केले आणि परत दिलं.

त्या वर्षी विद्यापीठानं परीक्षेचे अर्ज पहिल्यांदाच इंटरनेटवर मागवले. शेवटच्या दिवशी सकाळी कळलं, वेबसाइटचा पत्ता बदललाय. नवा पत्ता सरांच्या यादीत चढल्याशिवाय लॅबमधून अर्ज जाणार नव्हते. मुदत पाचपर्यंत. अर्ज राहिला तर वर्ष वाया. गावात इंटरनेट कॅफे एकच, त्यात मशिनी चार, आणि कॅफे सरांच्या साडूचा. ही शेवटची गोष्ट मी मनात नीट नोंदवून ठेवली.

सरांनी पत्ता लिहिला. पहारेकऱ्याला नवी यादी वाचायचा हुकूम दिला. त्यानं नकार दिला. पुन्हा हुकूम, पुन्हा नकार. मी जवळ सरकताच सरांनी मॉनिटरचा पडदा भिंतीकडं फिरवला.

"सर, काय आलंय ते दाखवा."

"काहून?"

"बाहेर रांग उभी आहे. तिला कळायला पाहिजे."

"बाजूला हो, पत्रकबहाद्दर. मशीन हाय हे, मोर्चा न्हाई."

मी मान वाकडी करून वाचलंच. चौदाव्या ओळीतलं नाव सापडत नव्हतं. हा पहारेकरी नवी यादी वाचताना प्रत्येक नावाचा ठावठिकाणा शोधतो. एक नाव जरी सापडलं नाही तरी सगळी यादी नाकारतो आणि जुनीवरच काम चालवतो.

मी चौदावी ओळ पाहिली. पुण्यातल्या कुठल्याशा कॉम्प्युटरचं नाव, आणि त्याला सगळे दरवाजे सताड उघडे! प्राचार्यांच्या मशीनलाही जिथं मज्जाव, तिथं हा लाडका कोण?

"चोरदरवाजा!" मी ओरडलो. "कुणासाठी ठेवलाय सर? उद्या पत्रक निघेल यावर."

"काढ पत्रक."

"नाव सांगा, नाहीतर ती ओळ काढा."

सर खुर्चीवरून पुढं वाकले. मग रांगेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "शोभाचं हाय."

शोभा त्यांची एकुलती मुलगी, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. हा सर्व्हर तिनंच उभा करून दिला होता. सर अडले की ती पुण्यातल्या आपल्या मशीनवरून आत शिरायची आणि दुरुस्ती करून जायची. मग तिनं आपल्या मनानं परजातीत लग्न ठरवलं. "मला पोरगी न्हाई," म्हणून सरांनी फोन आपटला. त्यानंतर तिनं ते मशीन बंद केलं आणि त्याचं नाव सापडेनासं झालं. जुनी यादी सर्व्हरच्या डोक्यात होती तोवर काही अडलं नाही; पण बंद करून सुरू केला की तो यादी नव्यानं वाचणार आणि चौदाव्या ओळीवर अडणार, म्हणून सरांनी आठ महिने सर्व्हर बंद होऊ दिला नव्हता.

"रोज सकाळी बघतो तिचं मशीन लागतं का," सर म्हणाले. "लागत न्हाई."

"मग काढा ना सर ती ओळ."

"न्हाई काढायची."

रांगेतली एक पोरगी दारात आली. "सर, चार वाजले. व्हतंय का न्हाई? फारम ऱ्हायला तर घरचे म्हणतील, बस झालं तुझं शिकणं."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग कीबोर्ड पुढं ओढला. चौदावी ओळ पुसली नाही; तिच्या सुरुवातीला फक्त एक खूण टाकली. अशी खूण असलेली ओळ मशीन वाचत नाही. माणसाला मात्र ती वाचता येते.

पहारेकऱ्यानं यादी स्वीकारली. शेवटचा अर्ज पाचला सात कमी असताना गेला.

लॅब रिकामी झाली तरी मी रेंगाळलो. माफी मागायची सवय नव्हती.

"पुण्याला पत्र किती दिसांत पोचतं रे?" सरांनी विचारलं.

"तीन-चार दिवसांत. पण पत्ता आहे का तुमच्याकडं?"

"पत्रिकेवर हाय. धाडली होती तिनं, लग्नाची. गेलो न्हाई मी."

त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून ती काढून टेबलावर ठेवली. उघडून उघडून पत्रिका घडीवर फाटायला आली होती.