दिग्दर्शक चिएन यांच्यावरील परकीय प्रभाव

दिग्दर्शक मोठा झाला की त्याच्यावर परदेशातल्या कोणाचा तरी प्रभाव असावा लागतो. नसेल तर तो नुसताच मोठा होतो, आणि तशा माणसाची दखल घेण्याची सोय अजून झालेली नाही.

ताइपेच्या चिएन युंग-शान यांच्याबाबत ही अडचण आली नाही. त्यांच्या नव्या चित्रपटात एक म्हातारी जेवणाच्या टेबलाशी मुलाची वाट बघत बसते. भात निवतो. कथानक संपले. समीक्षकांच्या मते यातली शांतता स्वीडनची, टेबलाची उंची जपानची आणि निवणारा भात मूळचा फ्रेंच आहे. (तैवानच्या वाट्याला वाडगा आला.)

म्हातारीचे काम दिग्दर्शकांच्या आईने केले. ची-मेईबाई चियायी गावात टर्की पक्ष्याचे मांस घातलेल्या भाताची हातगाडी चालवतात. शूटिंग घरीच आहे असे मुलाने कळवले तेव्हा त्या हरखल्या. कितीतरी महिन्यांनी पोरगा घरी जेवणार म्हणून त्यांनी त्याच्या आवडीचे सगळे रांधले. मुलगा आला आणि कॅमेऱ्यामागे उभा राहिला.

"आई, तू फक्त वाट बघ."

हे काम त्यांना चांगले येत होते. ते झाल्यावर मुलाने युनिटबरोबर उभ्याउभ्या विकतचा डबा खाल्ला आणि ताइपेची गाडी पकडली. अभिनयातली ही सहजता नेमक्या कोणत्या युरोपीय परंपरेतली, यावर अद्याप एकमत नाही.

पहिल्या खेळाला ची-मेईबाई ठेवणीतला ब्लाउज घालून ताइपेला गेल्या. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्रीचे, सगळ्या घराने एकत्र बसायचे जेवण तोंडावर आले होते, आणि मुलाला घरी बोलावायचे एवढेच त्यांच्या मनात होते. पण दिग्दर्शक फक्त प्रश्नोत्तरांत भेटतात, असे आयोजकांनी नम्रपणे सांगितले. म्हणून सगळ्यांचे युरोप आटोपल्यावर त्यांनी हात वर केला.

"शान, यंदा तरी जेवायला येतोस ना रे?"

सभागृह थरारले. पडदा आणि प्रेक्षक यांतली भिंत पडली, असे एकजण म्हणाला. टाळ्या थांबेनात. दिग्दर्शकांनी क्षणभर खाली पाहिले आणि माइक जवळ घेतला.

"प्रश्न फार महत्त्वाचा आहे. शेवट मी मुद्दाम मोकळा ठेवलाय."

ची-मेईबाई खाली बसल्या. त्यांना फार वाईट वाटले. (त्यांच्या प्रश्नावर इटालियन प्रभाव असल्याचे नंतर निष्पन्न झाले.)

चित्रपट तुमच्याही गावी येईल. तुमच्यासारख्या हळव्या रसिकांनी तो चुकवू नये. खेळ चालू असताना मोबाइल मात्र बंद ठेवावा. मध्येच आईचा फोन आला तर तो नंतर करता येतो, हे तुम्हाला सांगायला नको.