गावड्यांचा समुद्र

आमच्या चिंचवडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर समुद्र आहे. लिफ्टचं दार उघडलं की थेट कमरेवर आदळतो. कमरेवर अशासाठी, की शेजारच्या गावड्यांनी स्वतः काढलेलं चित्र डोळ्यांच्या उंचीला न लावता पोटाच्या उंचीला लावलंय. एवढंही या माणसाला कळू नये!

बाळांनो, तुम्ही तिकडे परदेशात मोठमोठी संग्रहालयं पाहता, म्हणून सांगते. हा 'संध्याकाळचा समुद्र' म्हणजे जांभळ्या चिखलात कुणी तांबडा भोपळा आपटावा, तसा दिसतो. ऑइल पेंट ब्रशनं लावलेला नाही, पत्र्याच्या पट्टीनं थापलाय, बोटभर जाड. प्रत्येक लाटेत धूळ.

"यात होडी आहे म्हणालात, ती कुठे?" मी एकदा विचारलं.

"ही काय, वहिनी. डाव्या अंगाला."

डाव्या अंगाला मला ढेकूळ दिसलं.

आणि हे गृहस्थ जन्मभर चाकणच्या एका मोटार कंपनीत, पेंट शॉपमध्ये तपासनीस! रंगाचा एक ओघळ सापडला तर अख्खी गाडी परत पाठवायचे. सवय अजून जात नाही. दिसेल त्यावर डोळे मिटून तळहात फिरवतात आणि निकाल देतात, "ओके" नाहीतर "रिजेक्ट". माझं जेवणाचं टेबल रिजेक्ट झालं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी स्पष्ट सांगितलं, "पॉलिश पेपरनं घासून सपाट करा, नाहीतर रविवारी काढा."

"घासायचं?" गावडे पहिल्यांदाच खेकसले. "मग त्यात राहिलं काय?"

रविवारी संध्याकाळी, चित्र उतरलं का ते पाहायला मी दार उघडलं. गावड्यांच्या सौभाग्यवती पॅसेजमध्ये भिंत चाचपत फेरी मारत होत्या. माहेर मालवणचं, मधुमेहानं दृष्टी गेलेली. चित्रापाशी थांबून त्यांनी लाटांवरून तळहात फिरवला.

"ओ, आज उधाण आसा."

"होय गो. ओके?" मागे उभे असलेले गावडे म्हणाले.

"ओके. पण होडी लांब गेली."

"येतली परत."

गावड्यांच्या हातात पेचकस होता. मला पाहून ते जवळ आले, हळूच म्हणाले, "वहिनी, हिची एवढी फेरी होऊ दे. मग काढतो."

"पेचकस घरात ठेवा," मी म्हटलं.

चित्र अजूनही भयंकरच आहे, त्याबद्दल माझं मत कायम. धूळ मात्र मीच काढते, मऊ ब्रशनं. परवा पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. डोळे मिटले आणि डाव्या अंगाला हात फिरवला.

होडी सापडली.