तोंडी चालत न्हाई

जेवायला बसलेला माणूस आधी आचाऱ्याची सही मागतो, असं तुम्ही कुठं पाहिलंय का? नसेल तर आमच्या आष्टीला या. लग्नाची पंगत बसलेली असते, वाढपी भाजीची बादली घेऊन येतो आणि आमचे शेजारी भाऊसाहेब ताटावर आडवा हात धरतात.

"थांब. कूट हाय का?"

"न्हाई भाऊसाहेब."

"तोंडी चालत न्हाई. आचाऱ्याला बोलाव."

मग खिशातून घडी घातलेला फॉर्म निघतो. पदार्थाचे नाव, तेल कोणते, शेंगदाणा आहे की नाही, आचाऱ्याची सही, दोन पंच. एक पंच कायम मी, कारण मी त्यांच्या डाव्या हाताला बसतो. सह्या होईपर्यंत माझी भाजी गार होते.

भाऊसाहेब निवृत्त तलाठी. उभा जन्म गारपिटीचे आणि जळालेल्या गंजींचे पंचनामे करण्यात गेला. निवृत्तीनंतर दप्तर सुटलं, पण हाताची सवय काही सुटली नाही. आमच्याकडं कुटाशिवाय स्वयंपाक म्हणजे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. भाजीत कूट, खिचडीत कूट, काकडीवरही कूट. एकदा पाटोद्याला एका सोयऱ्याकडं यजमानीणबाई अगदी गळ्याला हात लावून म्हणाल्या, "शेंगदाण्याचं नाव न्हाई भाऊसाहेब, नुसता कूट हाय." भाऊसाहेबांनी ते वाक्य फॉर्मवर जसंच्या तसं उतरवलं, खाली बाईंची सही घेतली आणि उपाशी उठले. त्यांच्याबरोबर मीही.

आता खरी गंमत सांगतो. शेंगदाण्याची ॲलर्जी भाऊसाहेबांना नाहीच. ती आहे त्यांच्या नातीला, ओवीला. आणि ओवी राहते बंगळुरूला.

"मग तुमी कावून उपाशी राहता?" माझी बायको त्यांना विचारते.

"हात सोवळा पायजे, वहिनी. पोरगी कवा बी यील. ऐनवेळी हात धुवून भागत न्हाई."

पूर्वी याच माणसाच्या दोन्ही खिशांत भाजके शेंगदाणे असायचे. सातबारा द्यायला खिशात हात घातला की आधी टरफलं बाहेर पडायची. चार वर्षांपूर्वी ओवी तीन वर्षांची असताना सुट्टीला आली होती. आजोबांनी तिला मोठ्या कौतुकानं दाण्याचा लाडू दिला. अर्धा खाल्ला नाही तोच पोरीचं तोंड सुजलं, श्वास अडकायला लागला. दवाखाना गल्लीच्या टोकाला होता आणि डॉक्टर जागेवर होते म्हणून निभावलं. त्या दिवशी भाऊसाहेबांनी खिसे उलटे करून झटकले. त्यानंतर ओवी आष्टीला आली नाही. मुलगी स्मिता फोनवर दरवेळी सांगायची, "बाबा, तुमची चूक नव्हती." पण पोरीला काही पाठवायची नाही.

या मे महिन्यात ओवीनंच हट्ट धरला. आजोबांकडं जायचंच, बुद्धपौर्णिमेची खीर तिथंच खायची. स्मिताला रजा नव्हती, जावयाला नव्हती. शेवटी तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही येऊन न्याल का तिला? विमानानं?"

भाऊसाहेब त्याच दिवशी कामाला लागले. विमान कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, नोंद करून घेतली आहे. भाऊसाहेब म्हणाले, "तोंडी चालत न्हाई." तीन दिवस पाठपुरावा करून त्यांनी ईमेल मिळवला आणि त्याच्या पाच प्रती काढल्या. डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. श्वास अडकला तर मांडीत टोचायचं पेनासारखं इंजेक्शन असतं, त्याचा सराव त्यांनी बॉलपेननं माझ्या मांडीवर केला. माझ्या दोन पांढऱ्या पायजम्यांवर अजून निळे ठिपके आहेत. इंग्रजी बोलायला म्हणून मलाही बरोबर घेतलं. मी शाळेत मास्तर असलो तरी माझं इंग्रजी सातवीच्या पुस्तकापुरतं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण पंच म्हणून मी लागणारच होतो.

बंगळुरूला पोचल्यावर भाऊसाहेबांनी चहासुद्धा घेतला नाही. आधी फाईल स्मितापुढं ठेवली. "तपासून घे. समदं वाच, शेवटच्या पानापर्यंत. मग पोरगी माझ्या ताब्यात दे."

स्मिता फाईल घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. तिनं फाईल बांधून बापाच्या हातात दिली आणि ओवीची बॅग आणायला वळली.

दुसऱ्या दिवशी विमानात सगळ्यांच्या आधी आम्हाला सोडलं. भाऊसाहेबांनी ओल्या फडक्यानं खुर्ची, हात, पट्टा, पुढचं टेबल, सगळं पुसलं. मग कागद काढून ओवीच्या जागेची चतुःसीमा लिहिली: पूर्वेस खिडकी, पश्चिमेस मी स्वतः, उत्तरेस पुढच्या इसमाची पाठ, दक्षिणेस मागच्या बाईंचे गुडघे. भाऊसाहेबांच्या पलीकडं मी. इंजेक्शन त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. हवाई सुंदरी म्हणाली, बॅग वर ठेवू का? "बॅग ठेव बाई, ह्ये न्हाई. वरून काढोस्तवर लई उशीर व्हतो."

तिनं माइकवरून सगळ्यांना विनंती केली, शेंगदाण्याचे पदार्थ उघडू नका. इंग्रजीत केली, हिंदीत केली. कुणी मान वर केली नाही.

विमान वर गेलं, पट्टे सोडायची खूण झाली, आणि मागच्या बाईंनी पिशवी उघडली. गुडघ्यांच्या त्या मालकीण. चांगल्या प्रेमळ होत्या, जामखेडकडच्या. दोन खुर्च्यांच्या फटीतून त्यांनी ओवीपुढं मूठ धरली. "घे बाळा, घरचा चिवडा हाय."

ओवी आजोबांच्या तालमीत तयार झालेली, रोज व्हिडिओ कॉलवर. तिनं हात मागं घेतला आणि विचारलं, "कूट आहे का?"

"न्हाई गं माय! चिवड्यात कुणी कूट घालतं व्हय? अख्खे दाणे हायत."

भाऊसाहेब ताडकन उठले. मला वाटलं आता फॉर्म काढतात. पण त्यांनी खिशाला हातही लावला नाही. गावात दवंडी द्यावी तसा खणखणीत आवाज काढला.

"ऐका हो ऐका! ही माजी नात हाय. शेंगदाणा हिच्या जिवावर उठतो. लेखी घ्यायला टाइम न्हाई, तोंडी सांगतो. पुणं यीस्तवर कुणी पुडी सोडू नका. तुमच्या पाया पडतो."

आणि खरंच हात जोडून उभे राहिले. तीस वर्षं लोक त्यांच्यापुढं हात जोडायचे, त्यांना असं मी पहिल्यांदा पाहिलं. हवाई सुंदरी धावत आली, बाबा बसा, बसा. तोवर मागच्या बाईंनी पिशवीला तीन गाठी मारल्या होत्या, भाऊसाहेबांच्या ओल्या फडक्यानं हात पुसले होते, आणि तोंड धुऊन येते म्हणत उठल्या होत्या. पुण्यापर्यंत त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. उतरताना भाऊसाहेबांनी पंचनाम्यावर त्यांची सही घेतलीच. दुसरा पंच मी.

पौर्णिमेला आम्ही सगळे भाऊसाहेबांच्या ओट्यावर बसलो होतो. खीर माझ्या बायकोनं त्यांच्याच घरात, त्यांच्याच भांड्यांत केली होती. भाऊसाहेबांनी फाईल आणली, शेवटचं पान काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "वाचा, सर."

तो चार वर्षांपूर्वीचा पंचनामा होता. पदार्थ: लाडू. शेंगदाणा: आहे. कोणी दिला: मी स्वतः. दोष कोणाचा: माझा. खाली त्यांची सही. पंचांच्या दोन्ही जागा कोऱ्या. आणि त्याच्याखाली, शेऱ्याच्या रकान्यात, स्मिताचं अक्षर:

"सदर प्रकरणी वडिलांचा दोष आढळून येत नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. मुलीस आजोळी पाठविण्यास हरकत नाही."

"फोनवर चार वर्षं हेच सांगत व्हती," भाऊसाहेब म्हणाले. "मीच म्हनायचो, तोंडी चालत न्हाई." मग चष्मा काढून कागदावर वाकले. "पर तारीख टाकायची राहिली बगा पोरीची." वाकले ते मान वर करीनात. तारीख राहिली हे बघायला एवढा वेळ लागत नाही. मी दुसरीकडं पाहिलं.

तेवढ्यात ओवी खिरीची वाटी घेऊन आली आणि चमचा त्यांच्या तोंडापुढं धरून म्हणाली, "आजोबा, यात कूट नाहीये."

मी सवयीनं पेन काढलं. भाऊसाहेबांनी माझा हात खाली केला आणि तोंड उघडलं.