हिप्परवाडीच्या विहिरीचा निळा निकाल

शहाऐंशीच्या दुष्काळात लोहाऱ्याजवळच्या हिप्परवाडीत दोनच ठिकाणी पाणी उरलं होतं. एक दुष्काळी कामातून खणलेली नवी विहीर आणि दुसरं म्हशींचं डबकं. विहिरीचं पाणी गोड होतं, पण गोड असल्याचा दाखला नव्हता, आणि दाखल्याशिवाय सरकारी विहिरीचं पाणी प्यायला बंदी होती. बाया दोन कोसांवरून घागरी आणत आणि जाता-येता नव्या विहिरीत डोकावून बघत.

दाखला मिळवायचा विडा सोसायटीचे चेअरमन माणिकप्पा यांनी उचलला. विहीर त्यांच्याच शब्दावर खणली होती. पाणी लागलं तरी पिता येईना म्हणून गाव त्यांना हसत होतं, त्यात सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली.

पाणीतपासनीस महारुद्रसाहेब जीपमधून आले. कपडे धुण्याच्या पावडरीमुळे देशातलं पाणी बिघडत असून त्याची तपासणी प्राधान्याने करावी, असं परिपत्रक निघालं होतं. जंतूंची तपासणी पुढच्या आर्थिक वर्षात व्हायची होती. साहेबांनी रीत समजावली. पाण्यात निळं औषध घालायचं, क्लोरोफॉर्म ओतून हलवायचं. पाण्यात पावडर असेल तर तळाशी बसलेला क्लोरोफॉर्म निळा होतो, नसेल तर स्वच्छ राहतो. बाटल्या मात्र गावानं द्यायच्या, कारण कार्यालयाच्या बाटल्यांची निविदा अजून उघडायची होती.

साहेबांच्या हाती कळकट बाटली देणं म्हणजे गावाची अब्रू घालवणं. सोसायटीत पावडरीला तोटा नव्हता; साखरेच्या कोट्याबरोबर तिची पोती गळ्यात मारलीच जात. शिपाई बिभीषणनं कोपरापर्यंत फेस आणून बाटली घासली. दुष्काळात विसळण्यात पाणी घालवणं पाप, म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसून दिली. तळाचा थर निळा झाला. विहीर अपात्र ठरली.

स्वच्छतेत आपलीच कसूर झाली, असं माणिकप्पांनी मनाला लावून घेतलं. पुढच्या खेपेला बाटलीबरोबर पोहराही पावडरीनं घासला. थर आणखी निळा झाला.

"आवं, बाटलीला लागलेली पावडरच दिसत असंल की त्यात," बायको शिवम्मा म्हणाली.

"तुला काय कळतंय? सायबाच्या हातात घाण बाटली देऊ का म्या?"

तिसऱ्या खेपेला त्यांनी दोराला बांधून मजूर खाली सोडले आणि विहिरीच्या भिंतीच पावडरीनं घासून घेतल्या. फेस काठाला आला. इतका सुंदर निळा रंग आपण साऱ्या नोकरीत पाहिला नाही, असं सांगून साहेबांनी विहिरीला सील ठोकलं. माणिकप्पांना भर चौकात रडू कोसळलं. साहेबही पेचात पडले, कारण परिपत्रकानुसार प्रत्येक गावात निदान एक सुरक्षित पाणवठा दाखवणं बंधनकारक होतं.

मग डबक्याकडे वळणं आलं. पावडर विहिरीत संपली होती. बिभीषणनं उकिरड्यावरची बाटली तशीच हिरव्या पाण्यात बुडवली आणि खाली मान घालून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी औषध घातलं, क्लोरोफॉर्म ओतला, हलवलं. तळाचा थर आरपार स्वच्छ निघाला.

"पावडर अजिबात नाही. हे पाणी प्यायला हरकत नाही," साहेब म्हणाले आणि दाखल्यावर शिक्का मारून थर्मासातला चहा प्यायले.

डबकं माणसांसाठी राखीव झालं, तेव्हा म्हशींची सोय करणं भाग पडलं. विहिरीवरची बंदी माणसांपुरतीच होती, म्हणून म्हशींच्या नावानं सील काढलं गेलं. फेसाचं पाणी उपसून टाकल्यावर खालून गोड पाणी आलं, ते म्हशींना पाजलं जाऊ लागलं. थोड्याच दिवसांत म्हशी तुकतुकीत झाल्या आणि गाव हगवणीनं आडवं पडलं. निवडणुकीत माणिकप्पा बिनविरोध आले, कारण विरोधात उभं राहण्याचं त्राण कुणात नव्हतं.

एकदा त्यांनी शिवम्माला म्हशींच्या हौदातून ओंजळभर पाणी पिताना पकडलं.

"ते पितीस? दाखला न्हाय त्याला," ते कळवळून म्हणाले. मग आपला पेला उचलून त्यांनी नाक धरलं आणि हिरवं पाणी एका दमात संपवलं.

हिप्परवाडीला खुशाल हसा. पण तुमच्या घरातलं पाणी चांगलं आहे, हे तुम्ही जिभेवरून सांगता, की कुणीतरी तसं कळवलंय म्हणून?