परत करण्याची तारीख

घर बारा वाजेपर्यंत रिकामं करून द्यायचं होतं आणि ते सकाळी आठलाच चकाचक रिकामं झालं होतं, म्हणून ग्रंथपालबाई खुशीत होत्या. चार खोल्यांत मिळून उरलं होतं काय, तर सहा बॅगा, एक केरसुणी आणि कपाटांमागे इतकी वर्षं दडून राहिलेले भिंतीच्या मूळ रंगाचे चौकोन.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करत. जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टची नस ओळखणारी माणसं आता फार उरली नव्हती. परदेशातल्या एका कंपनीला तसा माणूस हवा होता. तिने नोकरी दिली, व्हिसा काढला, तिकिटं पाठवली. कायमचं चला, कुटुंबासह चला. मात्र कंपनीच्या हिशेबी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची शाळकरी मुलगी. यजमानांची आई त्यात बसत नव्हती.

"मग मी इथेच राहते," आजी तेव्हा म्हणाल्या होत्या.

"रिकाम्या घरात?" नणंद हसली होती. "ना पलंग, ना शेगडी. जमिनीवर बसशील? तुझे गुडघे काय म्हणतील? माझ्याकडे ये. हॉलमधला दिवाण तुझाच."

"हॉलमध्ये टीव्ही असतो."

"बंद करू."

"सात वर्षांत कुणाला जमलंय ते?"

यावर सगळे हसले आणि आजींचं नणंदेकडे जाणं ठरलं. सामानावर चिठ्ठ्या चिकटवायला मदत करते, एवढंच आजी म्हणाल्या.

चिठ्ठ्यांची कल्पना ग्रंथपालबाईंची. कुठली वस्तू कोणत्या नातेवाइकाला द्यायची, ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी वस्तूला डकवायची. वाचनालयात संगणक आल्यापासून पुस्तकांत चिकटवायच्या छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठे पडून होते, ते त्यांनी घरी आणले. वर 'खालील तारखेस परत करावे' असं छापलेलं, पण पाठीला डिंक उत्तम. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना त्यांचा तारखेचा शिक्काही आठवण म्हणून दिला होता, जांभळ्या शाईच्या पॅडसकट. आठवडाभरात सगळं सामान ज्याच्या त्याच्या घरी पोचलं, आणि परवा आजीही नणंदेकडे गेल्या.

साडेआठला बेल वाजली. दारात ग्रंथपालबाईंचा धाकटा भाऊ. मागे जिन्यात दोन हमाल, जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या.

"अक्का, वेळेत आलो ना? वाचनालयाची सकाळची वेळ साडेअकरापर्यंत असते, म्हणून घाई केली."

"हे काय आणलंस?"

"टेबल. परत करायला." त्याने चिठ्ठी दाखवली. छापील ओळीखाली आजची तारीख, जांभळी.

"अरे, मी तुला ते दिलं होतं! कायमचं!"

"कायमचं दिलं तर तारीख कशाला? मागे एक पुस्तक दोन दिवस उशिरा आणलं तर महिनाभर माझं कार्ड अडवलंस तू. सख्खा भाऊ मी! परत आपल्याला भानगड नको. घ्या रे आत."

टेबल आत येतंय तोवर शेजारीणबाई मिक्सर आणि शेगडी घेऊन हजर झाल्या. "मी म्हटलं, परदेशी चाललेत तर मिक्सरचं काय काम? पण ग्रंथपालबाईंचा शिक्का म्हणजे शिक्का." पाठोपाठ पलंग आला. गाद्या आल्या. नऊ वाजता टेलिफोनचं स्टूल आलं, तेही बसने, एका चुलतसासूबाईंच्या मांडीवर बसून.

ग्रंथपालबाईंनी एकेक चिठ्ठी उलटसुलट पाहिली. सगळीकडे शिक्का, आणि तोही कसा, सरळ, ओळीत. "अहो, हा मी मारला असेल का हो?"

"अठ्ठावीस वर्षांची सवय," यजमान म्हणाले. "हात आपोआप गेला असेल. घाबरू नका." लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना ते बाहेरून हेच सांगत आणि याच आवाजात सांगत. पण त्या माणसांचं विमान सहाचं नसे. व्हिसावर तिथे पोहोचण्याची शेवटची मुदत उद्याची होती. आणि कायमचं येताय म्हणून कंपनीला घर सोडल्याचा घरमालकाच्या सहीचा कागद हवा होता. घरमालक तत्त्वाचा माणूस. रिकामं घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करणार नाही, हे त्याने तीनदा बजावलं होतं.

"तू तरी टेबल परत ने," ग्रंथपालबाई भावाला म्हणाल्या.

"छे! तुझ्या वहिनीने ती जागा पुसूनसुद्धा घेतली. खरं सांगू? आठ दिवस आम्ही त्या टेबलाखालून वाकून बाथरूमला जात होतो."

शेजारीणबाईंनीही मग मन मोकळं केलं. त्यांच्याकडे एक मिक्सर होताच. चुलतसासूबाईंकडे टेलिफोनच नव्हता. तारीख पाहून प्रत्येकाला हायसं वाटलं होतं, पण बोलणार कोण?

अकराला टेम्पो आला. त्यात मोठं कपाट, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर पिशवी घेतलेल्या आजी. मागून नणंद रिक्षाने आली. "वहिनी, कपाट दारातून आत जाईचना. आठवडाभर जिन्यात उभं होतं. आज तारीख होती म्हणून सुटले बाई. आणि आई म्हणाली, मीही येते, कपाटाबरोबर."

"वन्सं, आता मालक येतील हो!"

आजी थेट आत गेल्या. पलंग कुठे, कपाट कुठे, ते हमालांना बोटाने दाखवू लागल्या. भिंतींवरचे चौकोन एकेक करून झाकले गेले. बारा वाजेपर्यंत घर हुबेहूब पहिल्यासारखं दिसू लागलं, तेव्हा आजी आपल्या खुर्चीत बसल्या.

बाराच्या ठोक्याला घरमालक आला. दारातच थबकला.

"हे रिकामं?"

यजमानांनी 'घाबरू नका' म्हणायला तोंड उघडलं आणि कुणाला म्हणावं ते न कळून मिटलं.

"रिकामंच आहे," आजी म्हणाल्या. "जुना भाडेकरू गेला. बॅगा बघा त्याच्या दारात. हे सामान नव्याचं."

"नवा कोण?"

"मी. माझी पेन्शन आहे. तुम्हाला भाडेकरू शोधायचाच होता, तर आयता मिळाला. चाळीस वर्षांत मी भिंतीला एक खिळा जास्त ठोकला असेल तर सांगा."

घरमालकाने भिंती पाहिल्या. हे कुठल्याच नियमाविरुद्ध जात नव्हतं. मग तो टेबलापाशी बसला आणि त्याने सही केली.

"अगं पण आई, एकटी?" नणंद म्हणाली.

"एकटी कशी? तू दोन गल्ल्या पलीकडे. आणि इथे टीव्ही नाही."

तीन वाजता टॅक्सी आली. बॅगा चढल्या, डोळे पुसून झाले. ग्रंथपालबाई मात्र हातातली पर्स पुन्हा पुन्हा उचकत होत्या. "माझा शिक्का दिसत नाही. इथेच ठेवला होता."

आजी नातीजवळ गेल्या. पिशवीतून एक कोरी चिठ्ठी काढली. मग शिक्का काढला. चष्मा नाकावर घेऊन त्याची चाकं फिरवली, पॅडवर दाबला आणि चिठ्ठीवर उमटवला, सरळ, ओळीत. ती चिठ्ठी त्यांनी नातीच्या दप्तरावर चिकटवली आणि वरून तळहाताने दाबून धरली.

ग्रंथपालबाईंनी वाकून वाचलं. खालील तारखेस परत करावे. तारीख पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातली होती, सुट्टी लागते त्या दिवशीची.

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. आजींचा अंगठा जांभळा झाला होता.

"सूनबाई," आजी म्हणाल्या, "उशीर झाला तर कार्ड बंद."