दाराच्या माथ्यावरचा कागद

प्रफुल्ल कोणालेही नुसत्या नावानं ओळखत नाही. भाजीवाली जिन्याखालून ओरडते, "भैया, मैं मीना." हा वरून विचारतो, "कौन घर की मीना?" "अरे, गोल बाजार वाली, टमाटर वाली मीना." "हव, अब आओ." ती रोज येते अन् रोज हेच सांगते.

बुढापारा मोहल्ल्यात माझ्या घरी, वरच्या खोलीत, तो नऊ वर्षांपासून भाड्यानं राहतो. एकटा. वेबसाइटीचं काम करतो. म्हणजे पडद्यावर दिसते ते नाही, त्याच्या मागं चालते ते. मी चौथी शिकलेला, रेल्वेतला खलाशी, ओझी उचलणारा. त्यानं मले एकदा समजावलं.

"काका, सगळं मी नाही लिहत. दुसऱ्यानं बनवलेलं रेडिमेड सामान आणतो. आता चिठ्ठ्या पाठवणारे 'मेलर' दोन घरचे आहेत, नाव एकच. म्हणून फाईलच्या माथ्यावर पुरं नाव लिहाचं, कोणत्या घरचा ते. मग आत क्लासमध्ये, म्हणजे खाली जिथं खरं काम लिहिलं असते तिथं, नुसतं मेलर म्हटलं तरी चालते."

"अन् नाही लिहिलं तर?"

"तर मशीन आपल्याच घरात शोधते. भेटलं नाही की म्हणते, असा कोणी नाहीच."

मी म्हटलं, मशीन बेअक्कल आहे. माझी बायको शोभा म्हणाली, "बरोबर तर आहे. या गल्लीत तीन शोभा. तुम्ही हाक मारली की तिघी खिडकीत येतात." तेव्हापासून ती त्याच्या बाजूची.

मग त्यानं आपल्या दाराच्या माथ्यावर कागद चिकटवला. ज्याचं पुरं नाव कागदावर, त्याले घरात नुसत्या नावानं हाक. मीना त्यात नाही, कारण तिनं एकदा सडके कांदे दिले होते. पहिली ओळ होती, 'बुढापारा, खालचं घर, शोभाकाकू'. मी घरमालक, माझं नाव दुसऱ्या वर्षी चढलं. नऊ वर्षांत एकूण पाच नावं.

कागदाचा कायदा कडक होता. ज्याचं काम नाही, ते नाव खोडाचं. दूधवाला बदलला, तर जुन्याचं नाव त्याच सकाळी खोडलं. "वापरात नाही ते माथ्यावर काहून ठेवाचं?"

शोभा मागच्या उन्हाळ्यात गेली. मी जिना चढणं बंद केलं. गुडघा दुखते म्हणून सांगत होतो. खरं म्हणजे तो कागद पाहाचा नव्हता. तिच्या नावावर रेघ दिसली असती तर मी त्याले खोली खाली कराले लावली असती. मग वर कोणाच्या चपला वाजल्या नसत्या.

परवा गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली अन् जाणं भाग पडलं. दाराच्या माथ्यावर पाहिलं. पहिली ओळ तशीच होती. शाई फिकी पडली म्हणून वरून गिरवली होती.

"हे खोडलं काहून नाही?" मी विचारलं. "तिचं आता काय काम?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "वापरात आहे, काका." मशीन माझ्याकडं फिरवली. सगळं इंग्रजी. माथ्याच्या ओळीवर बोट ठेवून त्यानं वाचलं. बुढापारा, खालचं घर, शोभा. खाली क्लासच्या आत नुसतं शोभा, जागोजागी.

"हेही रेडिमेड आणलं का?"

"नाही, हे मीच बनवलं. पण घर तुमचं लावलं. विचारणार होतो, तुम्ही वर येतच नव्हते."

"करते काय हे?"

"माझ्या लिहिण्यातल्या चुका धरते. काकू जिन्यात अडवून म्हणाची ना, प्रफुल्ल, बटन खालीवर लागलं, प्रफुल्ल, आज जेवला नाही वाटते. तसं. दुसरं कोण सांगते मले?"

मी त्याच्या खाटेवर बसलो. "चालवून दाखव."

त्यानं मुद्दाम एक चूक केली. पडद्यावर लाल ओळ उमटली, अन् ओळीच्या सुरुवातीला तिचं नाव. तेवढं इंग्रजी मले वाचता येते.

"आणखी एक कर," मी म्हटलं.