फळी किती वाकते

घट उघडकीस आली ती जानेवारीतल्या एका मंगळवारी, एल्मारच्या शेडमध्ये. ती एल्मारची आहे हे कळायला आणखी चार दिवस लागले. त्या मंगळवारी सगळा आळ फळीवर गेला.

बर्फावर पळणाऱ्या शिडाच्या होडीला खाली तीन पोलादी पाती असतात. एक पुढे, आणि दोन एका आडव्या फळीच्या दोन टोकांना. ही फळी ज्याची त्याच्या वजनाला बेतलेली असते. मालक मधोमध उभा राहिला की ती ठरलेली तेवढीच वाकली पाहिजे. कमी वाकली तर होडी आदळत जाते, जास्त वाकली तर पाती तिरकी होऊन बर्फ खरवडतात. हापसालूच्या खाडीवरचा माणूस एक वेळ स्वतःचा वाढदिवस विसरेल, पण आपली फळी किती वाकते हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. एल्मारची पंचेचाळीस मिलिमीटर वाकायची. एकतीस वर्षं. दर हिवाळ्यात तो हेल्मेट, जाकीट, खिळ्यांचे बूट असा सगळा सरंजाम चढवून फळीवर उभा राही, आणि त्याची बायको माइमू खाली बसून पट्टी लावी.

माइमू मे महिन्यात गेली. म्हणून यंदा पट्टी धरायला शेजारचा वाल्देक आला होता.

"सदतीस," वाल्देक म्हणाला.

"नीट बघ."

"सदतीसच आहे. तू नीट उभा राहा."

"उभाच आहे की. उभं राहण्यात नीट काय असतं?"

आधी वाल्देकच्या चष्म्यावर संशय गेला. मग पट्टीवर. वाल्देकने घरून दुसरी पट्टी आणली, तीही सदतीसच म्हणाली. वाल्देकने चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढली होती. त्याने फळीवर बोटाने टकटक केलं आणि लाकूड आखडलं असं जाहीर केलं. उन्हाळा कोरडा गेला होता, वर व्हार्निशचा जादा हात बसला होता. एल्मारला हे पटलं. लाकडातलं कळणारे दोघं एका ठिकाणी आले की तिसरं कारण शोधायला कुणी जात नाही.

एल्मारने रंधा काढला. वाल्देक म्हणाला, यंदा राहू दे, फळी बिघडवून बसशील. पण एल्मारने तीन दिवस खालून तासून दोन मिलिमीटर लाकूड काढलं. यंदा बर्फावर उतरलो नाही तर पुढच्या वर्षी मी घराबाहेरही पडणार नाही, एवढंच तो म्हणाला. शुक्रवारी फळी पंचेचाळीस वाकली. दोघांनी कॉफी घेतली.

शनिवारी हेल्यू आली. होडीवाल्यांच्या मंडळाच्या शर्यतींची सुरक्षा तिच्याकडे. तीस वर्षं तिने पोस्टाच्या खिडकीत काढली होती, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची गावाला सवय नव्हती. शर्यतीआधी ती घरोघर जाऊन प्रत्येकाला सामान चढवायला लावी: हेल्मेट, शिट्टी, पाण्यात पडलं तर बर्फात रोवून वर यायचे गळ्यातले दोन टोचे. तिने एल्मारचं हेल्मेट धरून हलवलं, तर हेल्मेट फिरलं आणि एल्मार होता तिथेच राहिला. मग तिने त्याचा कमरेचा पट्टा बघितला. त्याला आरीने पाडलेली चार नवी भोकं होती.

"ही कधी पाडलीस?"

"लागतील तशी."

हेल्यूने पट्टा बघितला, खाली पडलेला लाकडाचा भुसा बघितला आणि मग माणूस बघितला.

"एल्मार, लाकूड नाही रे, तू आखडलायस."

तिने त्याला आपल्या घरी नेऊन बटाट्यांच्या काट्यावर उभं केलं. सहासष्ट किलो. गेल्या हिवाळ्यात तो ऐंशी होता. खातोस काय, असं तिने विचारलं. डब्यातले मासे आणि पाव. आणि संध्याकाळी?

"तेच," एल्मार म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "एकट्यासाठी चूल कशाला पेटवायची."

 रविवारपासून एल्मारच्या दारात जेवणाची भांडी येऊ लागली.

त्यात बर्फ येईना. महिनाभर पाऊस पडत राहिला, खाडी करडी आणि ओली. होडीवाल्यांना काही काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी हेच काम धरलं. डुकराच्या मटणाची थंड जेली, आंबवलेला कोबी आणि बार्ली, रक्ताचे सॉसेज. आणणारा ताट रिकामं होईपर्यंत समोर बसून राही. उठवायचं कसं हे एल्मारला कळत नसे, म्हणून तो खाई.

काळजी एकट्या वाल्देकला होती. तो दर मंगळवारी पट्टी घेऊन येई. अठ्ठेचाळीस. बावन्न. शेवटी त्याने हेल्यूला फाटकातच गाठलं.

"हेल्यू, फळी सहासष्टला तासलीय. आता त्याला खायला घालू नकोस."

"म्हणजे माणूस फळीच्या मापाचा ठेवायचा?"

"शर्यतीपुरता."

मंडळात दोन तट पडले, एक भांड्यांचा आणि एक पट्टीचा. पट्टीवाल्यांत वाल्देक एकटाच होता. फळीला मदत म्हणून तो एल्मारच्या ताटातलं निम्मं स्वतः संपवू लागला. एल्मार तरीही वाढला, आणि वाल्देकही. स्वतःची फळी मात्र वाल्देकने मोजली नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला थंडी पडली. हेल्यूने सहा ठिकाणी भोकं पाडून बर्फ मोजला, चौदा सेंटिमीटर. पातळ जागी तिने लाल निशाणं लावली. एल्मार त्र्याऐंशी होता, फळी सत्तावन्न.

"उतरू नकोस," वाल्देक म्हणाला.

"हळू नेईन."

"हळू जाणारा तू कधीपासून?"

शर्यत सुरू करायचं निशाण खाली आलं. एल्मार होडी ढकलत पळाला, आत उडी मारली, आणि होडी निघाली. मिनिटभर ती चांगली गेली. मग वाऱ्याचा एक झोत आला, आणि काठावर सगळ्यांना कडाड ऐकू आलं. फळी मधोमध मोडली. होडी पोटावर बसली आणि एल्मारला घेऊन गोल गोल फिरत दोनशे मीटर घसरत गेली.

शर्यत थांबली. शुद्धीत असल्याची खूण म्हणून नियमाप्रमाणे एल्मारने पडल्यापडल्याच एक हात वर केला. हेल्यू आधी पोहोचली. हात हलव, पाय हलव, नाव सांग. एल्मारने सगळं केलं. मागून वाल्देक धापा टाकत आला.

"सांगत होतो मी," तो म्हणाला. "माइमूने असं होऊ दिलं नसतं. तिने पट्टी नीट बघितली असती."

एल्मार फळीच्या दोन तुकड्यांकडे बघत होता.

"तिने पट्टी बघितलीच नसती," तो म्हणाला. "माझं तोंड बघितलं असतं."

 मग एल्मारने विचारलं, काठावर वाटाण्याचं सूप आहे का. होतं. त्याने एक वाडगा संपवला आणि दुसरा स्वतः उठून घेतला. समोर कुणी बसलेलं नव्हतं.

आता मार्च आहे. बर्फ गेला. वाल्देकने वखारीतून चांगलं कोरडं लाकूड आणून एल्मारच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय. फळी किती किलोला कापायची, असं तो दर मंगळवारी विचारतो. एल्मार म्हणतो, थांब, वजन अजून ठरत नाहीये. नवी फळी अजून कापायची आहे.